हलकी पाटी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्यंतरी एक नवा उद्योग मागे लागला होता. सांगते, पण हसायचं नाही. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला शिकतेय.

त्याचं असं झालं. आमच्याकडे पोळ्या करायला ज्या ताई येतात त्यांची मुलगी नववीत आहे. सुट्टीत आईबरोबर येते आणि पोळ्या होईपर्यंत माझ्या कपाटातली पुस्तकं चाळत बसते. एकदा तिने विचारलं, "आज्जी, कोडिंग म्हणजे नेमकं काय करतात?" चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, पण या प्रश्नाला धड उत्तर देता येईना. म्हटलं, चल, दोघी मिळून शिकू. घरात नातवाचा जुना लॅपटॉप पडून होताच, चार जीबी मेमरीचा.

नातू बंगळुरूला असतो. फोनवर म्हणाला, "आजी, आधी चांगलं एन्व्हायर्नमेंट घे." तो शब्द ऐकून मला शाळेतली झाडं लावायची मोहीम आठवली! मग त्याने समजावलं. ज्या जागी प्रोग्रॅम लिहायचा, तपासायचा, चालवून बघायचा, त्या सगळ्या सरंजामाला ते लोक असं म्हणतात. मी मनात त्याचं भाषांतर केलं – पाटी. तो स्वतः कामावर जे वापरतो तेच त्याने आम्हाला सुचवलं. ते उतरवून घेण्यात एक दुपार गेली. मग भाषा वेगळी उतरवा, मग जोडणी वेगळी करा, मग ही भाषा कुठे ठेवलीय ते पाटीला सांगा. पडद्यावर चारी बाजूंनी खिडक्या, कोपऱ्यात सूचना, आणि लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा गरगरायला लागला. मुलीने दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले आणि गप्प बसून राहिली.

तिचे ते मांडीवरचे हात बघून मला काय आठवलं ते पुढे सांगते. आधी थोडा इतिहास, कारण सवय जात नाही. नवशिक्याला पहिली पाटी कोणती द्यावी, हा प्रश्न माझ्याआधी कोणाकोणाला पडला होता ते मी शोधू लागले, आणि फारच रंजक माणसं भेटली.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हॅनोव्हर या लहानशा गावात डार्टमथ नावाचं कॉलेज आहे. १९५०च्या दशकात बराच काळ तिथे संगणक नव्हता. टॉमस कर्ट्झ नावाचे गणिताचे प्राध्यापक भोकं पाडलेल्या कार्डांची चळत घेऊन आगगाडीने बॉस्टनच्या बाजूला एमआयटीला जात, तिथल्या यंत्रावर ती चालवून घेत आणि उत्तरं घेऊन परतत. एखाद्या कार्डावर स्वल्पविराम चुकला, की ती खेप फुकट. ज्यांच्या कॉलेजात संगणक होता त्यांचीही गत फार वेगळी नव्हती. कार्डं खिडकीतून आत द्यायची आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी निकाल घ्यायला यायचं. यंत्र काचेपलीकडे. तुम्ही अलीकडे.

कर्ट्झ यांचे ज्येष्ठ सहकारी जॉन केमेनी. बुडापेस्टमध्ये १९२६ साली जन्मलेले ज्यू. हिटलरच्या धास्तीने १९४० साली कुटुंब अमेरिकेत आलं. तरुणपणी काही काळ ते आइन्स्टाइन यांचे गणितातले मदतनीस होते. या दोघांनी विचार केला, की आपल्या कॉलेजातली बहुसंख्य मुलं काही विज्ञानाची नाहीत. इतिहास, भाषा, समाजशास्त्र शिकणारी आहेत. पण उद्या देशाचा कारभार यांच्याच हाती जाणार, आणि त्या कारभारात संगणक असणार. तेव्हा संगणक सगळ्यांना वापरता आला पाहिजे. माझ्यासारख्या बी. ए.वालीला हे वाचून काय वाटलं असेल, कल्पना करा!

मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. एकाच यंत्राचा वेळ थोडाथोडा वाटून अनेकांना एकदम वापरू द्यायची व्यवस्था केली, आणि नवशिक्यांसाठी एक साधी भाषा बनवली. तिचं नाव बेसिक. या नावातला 'ब' हा बिगिनरचा, म्हणजे नवशिक्याचाच आहे. आज्ञा जेमतेम चौदा-पंधरा. काम केलं ते बरंचसं कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीच. १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता शेजारशेजारच्या दोन टेलिप्रिंटरसारख्या यंत्रांवर दोघांनी एकाच वेळी 'रन' अशी आज्ञा दिली आणि दोघांनाही उत्तर मिळालं. कोणीही यावं, 'हॅलो' टंकावं, प्रोग्रॅम लिहावा, 'रन' म्हणावं. काही सेकंदांत उत्तर किंवा चूक समोर. चूक दुरुस्त करायची आणि पुन्हा 'रन'.

या दोघांच्या डोळ्यांपुढे नमुना होता वाचनालयाचा. पुस्तकांची कपाटं उघडी असलेल्या वाचनालयात आपण कशासाठी पुस्तक घेतो असं कोणी विचारत नाही, तसंच संगणकाचं असावं. आता यातही एक मेख आहे. डार्टमथ तेव्हा फक्त मुलग्यांचं कॉलेज होतं. कपाटं उघडी, पण वाचनालयाच्या दारातून मुलींना प्रवेश नाही! तो मिळाला १९७२ साली, आणि तेव्हा कॉलेजचे अध्यक्ष होते हेच केमेनी.

दुसरा माणूस सेमूर पेपर्ट. जिनिव्हात पियाजे यांच्याबरोबर काम केलेला. डी. एड., बी. एड. केलेल्यांनी पियाजे हे नाव परीक्षेपुरतं तरी पाठ केलेलं असतं. १९६७ साली पेपर्ट, वॉली फर्झिग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा तयार केली. पुढे तिच्यात कासव आलं. त्याला सांगायचं, शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ. चार वेळा सांगितलं की चौकोन. वळण चुकलं तर कासव भलतीकडे जातं आणि मुलाला लगेच दिसतं की आपलं कुठे चुकलं. पेपर्ट यांनी १९८० साली 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक लिहिलं. त्यात त्यांचं म्हणणं असं, की शाळेत चूक म्हणजे शिक्षा असते, प्रोग्रॅममध्ये मात्र चूक हा कामाचाच भाग असतो. ती शोधायची आणि दुरुस्त करायची. आयुष्यभर लाल शाईचं पेन वापरलेल्या मला हे जरा झोंबलं.

पुढे १९७५पासून घरगुती संगणक आले आणि बेसिक त्यांच्यात जाऊन बसली. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअर या यंत्रासाठी केलेली बेसिक अवघ्या चार केबी मेमरीत चालायची. चार केबी म्हणजे आपल्या दोनचार पानांच्या मजकुराइतकी जागा. १९८१च्या अखेरीस इंग्लंडमध्ये 'बीबीसी मायक्रो' आला. बीबीसीने लोकांना संगणक-साक्षर करायचा उपक्रम हाती घेतला होता, त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बनवलेला. त्याच्या बेसिकचं काम सोफी विल्सन यांनी केलं. बटण दाबलं की 'टूंऽ-टिंग' असा आवाज, पडद्यावर दोनतीन ओळी आणि खाली एक बाणाचं टोक. झाली पाटी तयार. उतरवणं नाही, जोडणं नाही.

आणि इथे गोष्ट माझ्या घरापर्यंत येते. १९८४ साली भारत सरकारने शाळांमध्ये संगणक-साक्षरतेचा 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, आणि त्यासाठी निवडलं ते हेच बीबीसी मायक्रो. सुरुवातीला देशभरातल्या अडीचशेच्या आसपास शाळा. त्यानंतर दोनेक वर्षांत आमच्या शाळेतही ती यंत्रं आली. विज्ञानाच्या शिक्षकांनी जादा तास नकोत म्हणून अंग काढून घेतलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी प्रशिक्षणाला मला पाठवलं. एका इंजिनियरिंग कॉलेजात आमचे वर्ग भरले. मी पहिली ओळ टंकली ती लहान लिपीत, आणि यंत्राने उत्तर दिलं – 'मिस्टेक'. एवढंच. त्या यंत्राला आज्ञा मोठ्या लिपीतच लागत. पुन्हा टंकलं आणि माझं नाव पडद्यावर आलं. मग दुसरी ओळ लिहिली, 'परत दहाव्या ओळीवर जा', आणि नावाच्या ओळींमागून ओळी धावायला लागल्या. थांबवायचं कसं ते माहीत नव्हतं. प्रशिक्षक हसले, त्यांनी 'एस्केप' दाबलं आणि म्हणाले, "बाई, कळफलकावरून काहीही टंकलंत तरी हे मोडत नाही. बेसिक चिपमध्ये पक्की बसवलेली आहे. फार तर बंद करून पुन्हा चालू करा, होतं तसं होईल."

हे मला सांगितलं होतं. लक्षात ठेवा.

शाळेत परत आल्यावर संगणकाची खोली ठरली. जाजम घातलं, खिडक्यांना पडदे, चपला बाहेर, नोंदवही, आणि कुलूप. किल्ली माझ्याकडे. वर्गाला आठवड्यातून एकदा नेत असे. एका यंत्राभोवती दहाबारा मुलं, टंकायचे मी किंवा वर्गातले एकदोन हुशार मुलगे. एकदा तास संपल्यावर नववीतली एक मुलगी मागे रेंगाळली. म्हणाली, "बाई, मी एकदा हात लावून बघू?" मी म्हटलं, "मोडलं तर कोण भरून देणार?" तिने पुढे केलेला हात मागे घेतला आणि दोन्ही हात परकराला घट्ट धरून उभी राहिली. मग गेली. पुन्हा तिने कधी विचारलं नाही.

मोडत नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी तसं म्हटलं. त्याचं कारण आजवर मी स्वतःला निरनिराळं सांगत आलेय. वरून विचारणा होईल, महागाची वस्तू, शिस्त. खरं कारण बहुधा एवढंच, की किल्ली माझ्याकडे होती आणि मला ते आवडत होतं. केमेनी-कर्ट्झ यांनी वीस वर्षांपूर्वी काढलेली काच मी आमच्या शाळेत परत बसवली. पाटी हलकी होती, पण मी तिच्यावर कुलूप ठेवलं.

असो. इतिहास पुढे नेते.

हलक्या पाटीला विरोध करणारेही होते आणि त्यांचं ऐकायला हवं. नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ साली लिहिलं, की ज्यांना आधी बेसिकची सवय लागली त्यांना चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळजवळ अशक्य. भाषा जहाल आहे, पण मुद्दा खोटा नाही. 'अमक्या ओळीवर उडी मार' अशा आज्ञांनी लिहिलेला मोठा प्रोग्रॅम म्हणजे पायांत गुंतलेली लोकर. अक्षर एकदा बिघडलं की सुधारायला किती त्रास, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. म्हणजे पाटी हलकी हवी, पण तिच्यावर वळण चांगलं लागायला हवं.

या दोन्ही गोष्टी साधायचा प्रयत्न पुढे झाला. स्वित्झर्लंडचे निकलाउस विर्थ यांनी १९७० साली पास्कल ही शिस्तीची भाषा शिकवण्यासाठीच तयार केली. १९८३ साली बोरलँड कंपनीने 'टर्बो पास्कल' काढलं. त्याचा गाभा लिहिला होता अँडर्स हायल्सबर्ग या डॅनिश तरुणाने. लिहायची जागा, तपासनीस, चालवणं, सगळं एका प्रोग्रॅममध्ये, किंमत पन्नास डॉलरच्या आत. त्याच्या १९८६च्या एका आवृत्तीची मुख्य फाइल चाळीस हजार बाइटांहूनही लहान होती. आज आपण फोनवर काढलेला चहाच्या कपाचा एक फोटो तिच्या कितीतरी पट असतो! त्याच घराण्यातली 'टर्बो सी'ची निळी पाटी आपल्याकडच्या इंजिनियरिंगच्या मुलांनी पुढे कितीतरी वर्षं वापरली. माझ्या पुतण्यांना विचारा, त्यांच्या डोळ्यांसमोर तो निळा पडदा अजून उभा राहील.

नंतर विंडोज आलं, चित्रं आली, माउस आला. संगणक वापरणं सोपं झालं, पण चालू केल्या केल्या दिसणारं ते बाणाचं टोक गेलं. संगणक 'मला काही सांग' म्हणायचा थांबला. याचा परिणाम केंब्रिज विद्यापीठात दिसला. तिथे संगणकशास्त्राला प्रवेश मागणारी मुलं कमी झाली, आणि येणाऱ्यांनी घरी स्वतः काही करून पाहिलेलं असणं दुर्मीळ झालं. एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर उपाय म्हणून स्वस्त, हाताच्या पंजाएवढा संगणक बनवला. रास्पबेरी पाय. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो बाजारात आला, किंमत ३५ डॉलर. त्यातला 'पाय' आला तो पायथन या भाषेवरून.

पायथन ही गिडो व्हान रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुट्टीत लिहायला घेतलेली भाषा. त्याआधी ॲमस्टरडॅममध्ये ते एबीसी नावाच्या भाषेवर काम करत होते आणि ती तर प्रोग्रॅमर नसलेल्यांसाठीच होती. १९९९ साली त्यांनी सगळ्यांना प्रोग्रॅमिंग शिकवावं असा एक प्रस्तावही मांडला. पायथनबरोबर 'आयडल' नावाची साधी पाटी येते. आणि एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात आइवार आन्नामा यांनी नवशिक्यांसाठी 'थॉनी' नावाची पाटी केली. ती फुकट आहे आणि पायथन तिच्या पोटातच येतं. एकच वस्तू उतरवायची. वर लिहायची जागा, खाली उत्तर. एक खिडकी उघडली तर कोणत्या नावात आत्ता काय साठवलंय ते दिसतं. प्रोग्रॅम एकेक पायरीने चालवून बघता येतो, तोंडी हिशेब फळ्यावर सोडवून दाखवावा तसा. आम्ही हीच घेतली. नातवाला सांगितलं तर म्हणाला, "आजी, पुढे तुला मोठ्याकडे जावंच लागेल." जाऊ की. पाटीवरून वहीवर आपण सगळेच गेलो.

एक गोष्ट मात्र या सगळ्या थोर लोकांच्या इतिहासात मला सापडली नाही. बेसिकच्या आज्ञा सोप्या, कारण त्या साध्या इंग्रजीत. पण कोणाला सोप्या? १९८६ साली आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांना 'लेट' म्हणजे उशीर एवढंच ठाऊक होतं! आमच्यासाठी अर्धं वजन इंग्रजीचंच होतं. ते अजून पुरतं उतरलेलं नाही. पायथनच्या आज्ञा इंग्रजीतच आहेत. पण २००८च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आपण ठेवायची नावं देवनागरीत ठेवता येतात. आम्ही पहिला प्रोग्रॅम लिहिला त्यात एका डब्याचं नाव 'नाव' आणि दुसऱ्याचं 'वय'. शंभरी गाठायला किती वर्षं राहिली ते सांगायचं. पहिल्यांदा चुकलं, लाल अक्षरं आली. टंकलेलं वय त्याने अक्षरं म्हणून घेतलं होतं, आणि आकड्यातून अक्षरं वजा होत नाहीत अशी त्याची तक्रार. मुलीने ती इंग्रजी ओळ दोनदा वाचली, शेवटचे दोन शब्द मला विचारले, आणि वय आकड्यात बदलून घेतलं. मग गंमत म्हणून तिने स्वतःचं वय मराठी अंकांत टंकलं, १४ असं, आणि पायथनने तेही निमूट मानलं. तिचे ८६ निघाले. माझे २७. दोघी हसलो.

तर नवशिक्यांनो, माझ्या वयाचे असा नाहीतर तिच्या, पाटी घेताना एवढंच बघा. एकदाच उतरवून लगेच लिहिता येतं का. जुन्या यंत्रावर, नेट नसताना चालते का. चूक झाली तर कुठल्या ओळीत ते सांगते का. आणि पाच मिनिटांनी तुमचे हात कळफलकावर आहेत की मांडीवर, हे तर नक्कीच बघा. किती एमबीची आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

ती नववीतली पहिली मुलगी आता पन्नाशीच्या पुढे असेल. कुठे आहे ठाऊक नाही. भेटली तर काय म्हणायचं हेही मी ठरवलेलं नाही.

परवा पोळ्या झाल्यावर ही निघताना दाराशी घुटमळली. म्हणाली, "आज्जी, लॅपटॉप घरी नेऊ? उद्या आणते." तिची आई आतून ओरडली, "काही नको, पडला-बिडला तर!" माझ्याही ओठांवर काहीतरी आलं होतं. ते गिळलं, आणि चार्जर गुंडाळून तिच्या पिशवीत घातला.

त्याला आज चार दिवस झाले. लॅपटॉप अजून तिकडेच आहे. म्हणून हे सगळं फोनवर एका बोटाने टंकलंय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहिल्या असतील तर या खेपेला बाईंना लाल शाई लावू नका.